कुत्र्याच्या कॅन्सरवरचं औषध प्रयोगशाळेत कसं पारखतात

कुत्र्याच्या अंगावरची गाठ कॅन्सरची निघाली, की पशुवैद्यासमोर बसलेला माणूस थोडा सावरल्यावर एक प्रश्न हमखास विचारतो: ‘डॉक्टर, गाठ लॅबला पाठवलीच आहे, तर कोणतं केमो लागू पडेल तेही तिथूनच कळेल ना?’ प्रश्न रास्त आहे. लघवीत संसर्ग झाला की आपण कल्चर करतो, तीन-चार दिवसांत कागद हातात पडतो आणि जंतू कोणत्या अँटिबायोटिकला बधतो, कोणत्याला बधत नाही, याची यादीच त्यावर असते. कॅन्सरचंही तसंच असेल असं वाटणं साहजिक आहे.

तसं नसतं. प्रयोगशाळेत औषधाची पारख होते, आणि ती बारकाईने होते. पण ती ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो प्रश्न आपल्या मनातल्या प्रश्नापेक्षा बराच लहान असतो. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात आता घरोघर लॅब्रॅडोर, पग, गोल्डन रिट्रीव्हर आणि आपली देशी कुत्री आहेत. ती पूर्वीपेक्षा जास्त वर्षं जगतात, त्यामुळे कॅन्सरच्या वयापर्यंत पोहोचतात. म्हणून ही सगळी वाट एकदा पायरीपायरीने पाहू.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. ‘कुत्रा आणि औषधाची चाचणी’ असं म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे पिंजऱ्यातली बीगल कुत्री येतात. तो प्रकार वेगळा. माणसासाठीचं नवं औषध विषारी आहे का, हे पाहण्यासाठी उंदरासारख्या कुरतडणाऱ्या एका प्राण्यावर आणि न कुरतडणाऱ्या दुसऱ्या प्राण्यावर चाचणी घेण्याची पद्धत आहे, आणि त्या दुसऱ्या जागी बऱ्याचदा निरोगी बीगल असतो. भारतात हे प्रयोग प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली नेमलेल्या समितीच्या देखरेखीत होतात. इथे आपण बोलतो आहोत ते खऱ्याखुऱ्या आजारी कुत्र्याच्या कॅन्सरबद्दल आणि त्याच्याच औषधाबद्दल.

पहिली पायरी सुईची. इंजेक्शनची बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी ओढतात, काचपट्टीवर पसरतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. याला एफएनएसी म्हणतात. भूल लागत नाही, कुत्रा बहुतेक वेळा कुरकुरही करत नाही. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, किंवा मास्ट सेल ट्यूमर हा त्वचेचा कॅन्सर बहुधा एवढ्यावरच ओळखता येतो.

इथे पहिली चूक होते, आणि ती चांगल्या हेतूने होते. जबड्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे गाठी सुजलेल्या दिसल्या की कोणीतरी स्टेरॉइडची गोळी सुरू करतं. चार दिवसांत गाठी बसतात, कुत्रा खायला लागतो, सगळे खूश. पण प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड लिम्फोमाच्या पेशी मारतंच. त्यामुळे नंतर घेतलेल्या नमुन्यात निदान पुसट होतं. शिवाय उरलेल्या पेशी औषध बाहेर फेकायला शिकतात आणि पुढच्या केमोला दाद देईनाशा होतात. सुई आधी आणि स्टेरॉइड नंतर, हा क्रम सोडू नये.

आपल्या भागातली दुसरी फसगत गोचिडांची. एर्लिकिया हा गोचिडांतून पसरणारा जिवाणू. त्यानेही लसिकाग्रंथी सुजतात, ताप येतो, प्लेटलेट घसरतात. लिम्फोमाची शंका असलेल्या कुत्र्याची एर्लिकियाची तपासणी आधी झालेली बरी. नाहीतर पुढे केमो सुरू झाल्यावर प्लेटलेट कमी आल्या, तर दोष औषधाचा की गोचिडांचा हे ठरवताना सगळ्यांचीच पंचाईत होते.

सुईने पुरेसं कळलं नाही तर बायोप्सी करतात, म्हणजे गाठीचा तुकडा कापून घेतात. तो १० टक्के फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतात. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मालिन हवं, आणि बाटलीचं तोंड रुंद हवं. लहान तोंडाच्या बाटलीत कोंबलेला तुकडा आत जाताना मऊ असतो, फॉर्मालिनने घट्ट झाल्यावर बाहेर निघत नाही, आणि मग लॅबमध्ये बाटलीच फोडावी लागते. नमुना फ्रीझरमध्ये ठेवू नये. बर्फाचे कण पेशी फाडतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फॉर्मालिन पेशींना आहे त्या स्थितीत गोठवून ठेवतं, म्हणजे मारून ठेवतं. रोगाचं नाव सांगायला मेलेली पेशी चालते. औषध तपासायला मात्र ती जिवंत हवी. त्यामुळे फॉर्मालिनमध्ये एकदा गेलेल्या गाठीवर केमोची चाचणी होऊच शकत नाही. ती करायची असेल तर शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवावं लागतं, तुकड्याचा एक भाग निर्जंतुक पोषकद्रवात, अँटिबायोटिक घालून, थंड ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेल्या गाडीतला बर्फाचा डबा हा या शास्त्राचा शत्रूच म्हणायचा.

समजा, डबा वेळेत पोहोचला. प्रयोगशाळेत तो तुकडा बारीक चिरतात, विकरांनी, म्हणजे एन्झाइमनी, पेशी सुट्या करतात आणि पोषकद्रवात वाढायला ठेवतात. इथे बहुतेक प्रयत्न गळतात. कॅन्सरची पेशी शरीरात बेलगाम वाढते, ती ताटलीत मात्र रुसते. उलट गाठीतच असलेल्या साध्या जोडऊतीच्या पेशी, ज्यांना फायब्रोब्लास्ट म्हणतात, त्या जोमाने पसरतात. दोन-तीन आठवड्यांनी ताटली भरलेली दिसते, पण ती भलत्याच पेशींनी. त्यांच्यावर औषध तपासलं तर निष्कर्षही भलताच निघतो.

म्हणूनच संशोधक बहुतेक काम पेशीवंशांवर करतात. पेशीवंश म्हणजे कधीकाळी एका प्राण्याच्या शरीरातून घेतलेल्या आणि तेव्हापासून प्रयोगशाळेत वाढत राहिलेल्या पेशींची संतती. इंग्रजी लेखांत त्याला सेल लाइन म्हटलेलं असतं. कुत्र्यांचे असे अनेक वंश आहेत. ‘डी-१७’ हा एका पूडल कुत्रीच्या हाडाच्या कॅन्सरपासून, फुप्फुसात पसरलेल्या गाठीतून घेतलेला. ‘डीएच-८२’ गोल्डन रिट्रीव्हरचा. आणि ‘एमडीसीके’ हा १९५८ साली एका कॉकर स्पॅनियलच्या निरोगी मूत्रपिंडातून मॅडिन आणि डार्बी या संशोधकांनी घेतलेला. त्या कुत्र्याच्या पेशी आजही जगभर वाढताहेत.

पुण्यात पेशींचा असा साठा सांभाळणारी संस्था आपल्या जवळच आहे. गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारात, नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स. तिचं मूळ नावच नॅशनल फॅसिलिटी फॉर ॲनिमल टिश्यू अँड सेल कल्चर असं होतं, आणि देशभरच्या संशोधकांना पेशीवंश पुरवणं हे तिचं सुरुवातीपासूनचं काम. तिथे कोणी आपल्या कुत्र्याची गाठ घेऊन जायचं नसतं. ती दवाखान्याची लॅब नव्हे. पण पेशी सांभाळायच्या म्हणजे काय, हे समजून घ्यायला ती जागा मनात असलेली बरी.

सांभाळायच्या म्हणजे ३७ अंश सेल्सिअस, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, भरपूर ओलावा, आणि दर दोन-तीन दिवसांनी नवा पोषकद्रव. कुत्र्याच्या शरीराचं तापमान याहून अंशभर जास्त असतं, तरी बहुतेक ठिकाणी ३७ वरच ठेवतात. हे सगळं राखणारी पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, बंद पडली तर महिन्यांचं काम जातं. आपल्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा साप्ताहिक सुट्टीचा, म्हणून महावितरणच्या दुरुस्तीचा वार. इथे अशी प्रयोगशाळा काढणाऱ्याने यंत्रांच्या आधी जनरेटरचा विचार केलेला बरा.

पेशी चांगल्या वाढल्या तरी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत. मायकोप्लाझ्मा नावाचा अतिसूक्ष्म जिवाणू त्यात शिरतो. द्रव गढूळ होत नाही, वास येत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. पेशींची वाढ आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद मात्र बदलतो. त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते, आणि ज्या निबंधात तिचा उल्लेखच नसतो तो निबंध मी तरी जरा हात राखूनच वाचतो.

आता औषध. कुत्र्यांसाठी केमोची जी औषधं वापरतात त्यातली बहुतेक माणसांचीच. व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून मिळतं, तीच अंगणातली गुलाबी-पांढरी सदाफुली. पेशी दोन होताना आतले धागे गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढतात. हे औषध ते धागे बांधूच देत नाही. भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर फुलकोबीसारखी रक्ताळलेली गाठ येते, प्राणिमित्र तिला ‘टीव्हीटी’ म्हणतात. त्यावर हेच औषध आठवड्यातून एकदा शिरेतून देतात आणि बहुतेक कुत्री काही आठवड्यांत बरी होतात. या गाठीची गंमत अशी, की तिच्यात रोगजंतू नसतो. समागमातून कॅन्सरची पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाते. जगभरच्या या सगळ्या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींचा वंश आहेत. निसर्गाने स्वतःच चालवलेला हा पेशीवंश, प्रयोगशाळेशिवाय.

दुसरं मोठं औषध डॉक्सोरुबिसिन. हे मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूपासून निघालं; इटलीतल्या कास्तेल देल मोंते या जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत तो सापडला होता. पिंपरीकरांना हा जिवाणू परका नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनच्या जोडीने मातीतल्या जिवाणूंचा शोध चालायचा, आणि तिथल्या डॉ. थिरुमलाचार यांच्या चमूने हॅमायसिन हे बुरशीनाशक ज्या जिवाणूपासून मिळवलं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. एकाच कुळातला एक भाऊ बुरशी मारतो, दुसरा कॅन्सरच्या पेशी.

यापुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबू. तळहाताएवढी प्लास्टिकची पारदर्शक ताटली असते, तिला ९६ खळगे: आठ ओळी, बारा स्तंभ. आधी पेशी मोजतात. पेशींच्या थेंबात ट्रायपॅन ब्लू हा निळा रंग घालतात आणि रेघा आखलेल्या काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जिवंत पेशी रंग बाहेरच ठेवते, म्हणून चकचकीत मोत्यासारखी दिसते. मेलेली निळी होते. मग प्रत्येक खळग्यात समजा ५,००० जिवंत पेशी टाकतात आणि रात्रभर बसू देतात.

बाहेरच्या कडेचे ३६ खळगे शहाणा माणूस वापरत नाही; त्यांत नुसता द्रव भरतो. कारण कडेचं पाणी लवकर उडतं, औषध दाट होतं, आणि काठावरच्या पेशी आतल्यांपेक्षा जास्त मरतात. उरतात ६०. त्यात औषधाच्या उतरत्या पायऱ्या लावतात: सगळ्यात जास्त मात्रा, तिच्या निम्मी, तिच्या निम्मी, अशी. प्रत्येक मात्रा निदान तीन खळग्यांत, काही खळगे औषधाशिवाय, काही पेशींशिवाय. औषध ज्या द्रावकात विरघळवलं तो द्रावकसुद्धा एकटा काही खळग्यांत घालावा लागतो, नाहीतर पेशी औषधाने मेल्या की द्रावकाने हे कळत नाही. हे सगळं मायक्रोपिपेटने, म्हणजे लिटरच्या लाखाव्या-दशलक्षाव्या भागाइतका द्रव मोजणाऱ्या हातातल्या साधनाने होतं. त्या पिपेटवर कॅलिब्रेशनची तारीख असलेला स्टिकर असतो, चाकणच्या कारखान्यात मोजमापाच्या व्हर्नियरवर असतो तसाच, आणि तारीख उलटून गेलेल्या पिपेटने काढलेल्या आकड्यांची किंमतही तितकीच.

ताटली ७२ तास पेटीत राहते. मग एमटीटी नावाचा पिवळा रंग घालतात. टिम मॉसमन यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. जिवंत पेशीची ऊर्जायंत्रणा त्या पिवळ्याचं जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करते, मेलेली पेशी करू शकत नाही. चार तासांनी स्फटिक विरघळवले की ताटली एका बाजूला गडद जांभळी आणि दुसऱ्या बाजूला फिकट पिवळी दिसते. यंत्र प्रत्येक खळग्यातून ५७० नॅनोमीटरच्या प्रकाशाचा किरण पाठवतं आणि किती प्रकाश अडला ते मोजतं.

एक उदाहरण करून पाहू. औषध नसलेल्या खळग्यांचं वाचन समजा १.२० आलं, पेशीच नसलेल्यांचं ०.१०. म्हणजे पेशींचं खरं वाचन १.१०. एका मात्रेवर ०.६५ आलं, त्यातून ०.१० वजा केले, उरले ०.५५. हे १.१० च्या बरोबर निम्मे. ज्या मात्रेला असं निम्म्यावर येतं तिला आयसी-५० म्हणतात. ही मात्रा जितकी लहान, तितकं ते औषध त्या पेशींना जास्त भोवतं. ते ०.१० वजा करायला विसरणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. तसं केलं तर हेच वाचन ५४ टक्के दिसतं आणि औषध आहे त्याहून कमजोर वाटतं.

डॉक्सोरुबिसिनच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. ते लालभडक असतं. बाटलीत लाल, सिरिंजमध्ये लाल, आणि दिल्यावर एक-दोन दिवस कुत्र्याची लघवीही लालसर होऊ शकते. ते पाहून घाबरू नये. पण रंगावर चालणाऱ्या चाचणीत औषधालाच रंग असेल तर वाचन बिघडतं. म्हणून खळगे धुऊन घेतात किंवा औषध आहे पण पेशी नाहीत असे वेगळे खळगे ठेवतात.

शिवाय एमटीटी पेशी मेली असं सांगत नाही, ती कमी काम करते आहे एवढंच सांगतं. पेशी मेली, वाढायची थांबली, की नुसती मंदावली? तिन्ही वेळा रंग फिकाच येणार. खरोखर मेली का, हे दुसऱ्या चाचणीने पडताळावं लागतं. बातमीत ‘प्रयोगशाळेत कॅन्सर नष्ट’ असं छापून येतं, तेव्हा बऱ्याचदा एवढीच एक ताटली फिकट झालेली असते.

आता ताटलीतून कुत्र्याकडे जाताना दोन खड्डे लागतात. पहिला सायक्लोफॉस्फामाइडचा. कुत्र्याच्या लिम्फोमाच्या नेहमीच्या औषधांपैकी ते एक. ते ताटलीत टाकलं तर पेशींना जवळजवळ काहीच होत नाही. कारण ते जसंच्या तसं निष्क्रिय असतं. यकृतातून गेल्यावर त्याचं खरं औषध होतं, आणि ताटलीला यकृत नसतं. तिथे आधीच सक्रिय केलेलं रूप वापरावं लागतं. कल्चरच्या धर्तीवर कोणी यादी करून दिली, तर कामाचं औषध ‘लागू नाही’ या रकान्यात जाऊन बसेल.

दुसरा खड्डा मात्रेचा. ताटलीत पेशी ७२ तास एकाच मात्रेत भिजत असतात. कुत्र्याच्या रक्तात डॉक्सोरुबिसिनचं प्रमाण इंजेक्शननंतर काही मिनिटांतच झपाट्याने उतरतं. ताटलीत ज्या मात्रेला पेशी मरतात ती रक्तात गाठताच येत नसेल, किंवा गाठताना कुत्र्याची मज्जा आणि आतडी आधी बळी पडत असतील, तर तो आकडा कागदावरच राहतो. म्हणून आयसी-५० शेजारी निरोगी पेशींचा आकडा आणि रक्तात मिळणाऱ्या प्रमाणाचा आकडा असला पाहिजे. नुसत्या आयसी-५० ला मी तरी अर्धाच आकडा म्हणेन.

माझं मत विचाराल तर, एखाद्या कुत्र्याच्या गाठीवर केमोची यादी करून देण्याच्या चाचणीवर आज पैसे घालू नयेत. ताटलीतल्या चाचणीचं खरं काम नवं औषध पुढे न्यायचं की सोडून द्यायचं हे ठरवणं. तिथे ती मोलाची आहे. पुढे नेलेलं औषध मग मालकांच्या संमतीने आजारी कुत्र्यांवर तपासलं जातं. टोसेरानिब हे मास्ट सेल ट्यूमरवरचं औषध अशाच वाटेने आलं. २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं, खास कुत्र्यांच्या कॅन्सरसाठी केलेलं ते पहिलं. लिम्फोमासाठी राबाक्फोसाडिनला तिथे पूर्ण मान्यता २०२१ मध्ये मिळाली. दोन औषधांच्या मध्ये एवढी वर्षं गेली, यावरून ताटलीतली किती औषधं वाटेतच गळत असतील याचा अंदाज यावा.

आपल्या कुत्र्याला मिळणाऱ्या बाटलीचीही एक प्रयोगशाळा असते, औषध कारखान्यातली. तिथे प्रत्येक बॅचचं बळ मोजतात: द्रावण दाबाने बारीक नळीतून ढकलून त्यातले घटक वेगळे करणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर. निर्जंतुकतेसाठी नमुना १४ दिवस पोषकद्रवात ठेवून काही उगवतं का पाहतात. जिवाणूंच्या कवचातलं, ताप आणणारं विष उरलेलं नाही ना, हेही तपासतात. ही सगळी काळजी कारखान्याच्या दारापर्यंत. पुढे द्रावणाच्या रूपातलं व्हिन्क्रिस्टिन किंवा डॉक्सोरुबिसिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. केमिस्टकडून आणून उन्हात गाडीच्या डिकीत तासभर राहिलेल्या बाटलीला कोणत्याही बॅच रिपोर्टचा उपयोग नाही. बाटलीवरचा बॅच क्रमांक वहीत उतरवून ठेवावा.

डोस ठरतो तो शरीराच्या पृष्ठफळावर, म्हणजे कातडीच्या क्षेत्रफळाच्या अंदाजावर. वजनावरून तक्त्यात तो काढतात. ३० किलोच्या लॅब्रॅडोरचं पृष्ठफळ जवळपास ०.९८ चौरस मीटर. डॉक्सोरुबिसिन दर चौरस मीटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे २९ मिलिग्रॅम. हाच हिशोब ५ किलोच्या पॉमला लावला तर ९ मिलिग्रॅमच्या आसपास येतात, आणि ते त्याला जड जातात. म्हणून लहान कुत्र्यांना किलोमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिग्रॅमच देतात. प्रत्येक डोसच्या दिवशी वजन नव्याने करावं. मागच्या महिन्याच्या कागदावरचं चालत नाही. घरात कॉली किंवा तिच्या जवळच्या जातीचं कुत्रं असेल तर एबीसीबी-१ या जनुकाची तपासणी आधी करून घ्यावी. त्यात दोष असेल तर पेशींना व्हिन्क्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिन बाहेर टाकता येत नाही आणि नेहमीचा डोसही घातक ठरतो. गालाच्या आतून फिरवलेल्या बोळ्यावरून ती होते.

आता ती चाचणी, जिच्यावर रोजचा उपचार खरोखर चालतो: साधी रक्ततपासणी, सीबीसी. प्रत्येक डोसआधी जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दर मायक्रोलिटरला १,५०० ते २,००० च्या खाली असतील तर बहुतेक पशुवैद्य डोस पुढे ढकलतात.

या स्वस्त तपासणीत चुका मात्र भरपूर. नळी हलक्या हाताने उलटसुलट केली नाही तर बारीक गुठळी होते आणि प्लेटलेट खोट्या कमी येतात. कोपऱ्यावरच्या माणसांच्या लॅबमध्ये रक्त दिलं तर यंत्र माणसाच्या पेशींच्या मापावर लावलेलं असतं. कुत्र्याची तांबडी पेशी माणसाच्या पेशीपेक्षा लहान, त्यामुळे गणित चुकतं. यंत्रावर कुत्र्यांची सोय आहे का ते विचारावं, आणि आकडा विचित्र वाटला तर काचपट्टी कोणीतरी डोळ्यांनी पाहिली का, हेही विचारावं. ग्रेहाउंडमध्ये पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मुळातच कमी असतात. आपल्याकडचा कारवान त्याच बांध्याचा शिकारी कुत्रा, तेव्हा त्याचा निरोगी असतानाचा एक रिपोर्ट जपून ठेवलेला कामी येतो.

डोसनंतर पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात त्या साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी. पहिल्या डोसनंतर त्या दिवसांत एकदा रक्त तपासून घ्यावं. कुत्रा ठणठणीत दिसला तरी. आकडा फारच खाली गेला तर पुढचा डोस २०-२५ टक्क्यांनी कमी करतात. आणि याच दिवसांत कुत्र्याने खाणं सोडलं, तो निपचित पडला, किंवा ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर रिपोर्टची वाट पाहत बसू नये, घरातली क्रोसिन किंवा ब्रुफेन तर मुळीच देऊ नये. रात्र असली तरी उघडा असेल तो दवाखाना गाठावा आणि आत शिरतानाच सांगावं की याला केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला.